लाखेचा हात

दिवाळी तोंडावर आली की घरोघरी माणसांचे दोन पक्ष पडतात. एक घर आवरणाऱ्यांचा आणि दुसरा आवरणाऱ्यांच्या पायांत येणाऱ्यांचा. मी लहानपणापासून या दुसऱ्या पक्षाचा निष्ठावंत सभासद आहे. सदराच्या नेहमीच्या वाचकांना माझी सुतारकी ठाऊकच आहे. खुर्चीचा एक पाय आखूड म्हणून बाकीचे तीन तासत गेलो आणि शेवटी त्या खुर्चीचा पाट झाला, ही कथा मी येथेच सांगून मोकळा झालो आहे. आमच्या गावाच्या नावाने एक जुनी म्हण चालते : ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी.’ हत्यार हातात घेताना मी ती मंत्रासारखी म्हणतो. जमले तर जमले. नाही तर आपण परभणीतच आहोत, जायचे कुठे?

गोष्ट गेल्या दिवाळीची. आमची कन्या आठवीत गेली होती आणि तिला अभ्यासाला स्वतंत्र टेबल हवे होते. मागच्या खोलीत अण्णांचे टेबल उभे होते. म्हणजे माझ्या वडिलांचे. त्यावर पापडाचे डबे, जुनी पंचांगे आणि मी न तपासलेल्या चाचणी परीक्षेच्या वह्या गुण्यागोविंदाने नांदत होत्या. “तेच पांढरे रंगवून द्या तिला,” असा सौभाग्यवतींचा हुकूम सुटला. मी चटकन ‘हो’ म्हणालो. इतका चटकन, की तिने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. घरातले काम मी पहिल्या हाकेला मान्य करतो, तेव्हा त्यात काही तरी काळेबेरे असते, हे तिला वीस वर्षांच्या अनुभवाने कळते.

आता टेबलाविषयी थोडे सांगायला हवे. अण्णा जिंतूर तालुक्यातल्या आमच्या खेड्यात शाखा डाकपाल होते. खेड्यातले शाखा डाकघर बहुधा डाकपालाच्या राहत्या घरातच असते, तसेच आमचेही ओसरीत होते. एक टेबल, एक पत्र्याची पेटी, भिंतीला टांगलेला तराजू. की झाले सरकार! टेबलही काही सागवानी नव्हते. पाय बाभळीचे आणि वरच्या फळ्या कुठल्या तरी मालाबरोबर आलेल्या देवदारी खोक्याच्या. त्या फळ्यांत पैशाएवढ्या, रुपयाएवढ्या गाठी होत्या आणि चैत्र-वैशाखात त्यांतून राळ पाझरून सदऱ्याच्या बाहीला चिकटायची. त्या टेबलावर अण्णा शिक्के मारत, मनिऑर्डरी लिहीत, नातवाचे पत्र आजीला वाचून दाखवत आणि दुपारी डाकेची पिशवी बंद करत. पिशवीच्या तोंडाला सुतळी, सुतळीच्या गाठीवर वितळलेली लाख आणि लाखेवर पितळी मोहोर. लाखेचा तो करपट गोडसर वास आला की आम्हां दोघा भावांना कळे, आता अण्णा मोकळे झाले; आता काही मागायला हरकत नाही.

त्या टेबलावर उजव्या हाताला वीतभर लांबीचा जांभळा डाग होता. शिक्क्याच्या गादीला घालायच्या शाईची बाटली तेथे सांडली होती. १९९० च्या सुमाराची गोष्ट. मी दहा वर्षांचा, धाकटा सात वर्षांचा. बाटली माझ्या हातून सांडली. शाई फळीवरून वाहत सरकारी नोंदवहीवर गेली आणि तिची दोन पाने जांभळी झाली. अण्णांना पुढे त्याबद्दल वरच्या कचेरीला लेखी खुलासा द्यावा लागला. “हे कुणी केलं?” असे त्यांनी विचारले तेव्हा मी तोंडाने काहीच बोललो नाही. मी फक्त धाकट्याकडे पाहिले. अण्णांनी त्याच्या एक ठेवून दिली. तोही काही बोलला नाही. पोरांना मारण्याचा अण्णांचा स्वभाव नव्हता. त्यामुळे ती एकच चपराक आमच्या घरात फार मोठी ठरली.

अण्णांनी डागावर रॉकेल लावून पाहिले, लिंबू चोळले, धुण्याच्या सोड्याने घासले. डाग निघाला नाहीच, उलट पसरला. पुढे मी त्याच टेबलावर बसून मॅट्रिकचा अभ्यास केला आणि प्रत्येक वेळी डागावर वर्तमानपत्र अंथरून केला.

तेव्हा वाचकहो, मी पांढऱ्या रंगाला इतका चटकन का राजी झालो, हे आता आपल्या ध्यानात आले असेल.

रविवारी सकाळी मी कामाला लागलो. टेबल अंगणात घेतले, पॉलिश पेपर फिरवला, खाचांतून लांबी भरली आणि पांढऱ्या तैलरंगाचा पहिला हात दिला. संध्याकाळी टेबल बगळ्यासारखे दिसत होते. मी शेजाऱ्यांना बोलावून दाखवले. सोमवारी सकाळी पाहतो, तर बगळ्याच्या पाठीवर जांभळट सावली! गाठींच्या जागीही पिवळसर चंद्र उगवले होते. म्हटले, रंग पातळ झाला असेल. दुसरा हात जाड दिला. दोन दिवसांनी तीच सावली पुन्हा वर आली. तिसरा हात दिला, तीही आली. आता रंग इतका जाड झाला होता, की नखाने दाबला तर खळगा पडे. पण डाग काही बुडायला तयार नव्हता. कन्या म्हणाली, “बाबा, राहू द्या ना, छान दिसतंय ते.” मी तिच्यावर उगाच खेकसलो. सौभाग्यवतींनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिले.

चौथ्या दिवशी मी जिंतूर रस्त्याला पॉलिशवाल्या चाचांकडे गेलो. चाचांची सत्तरी उलटली आहे. त्यांच्या बोटांची नखे कायमची तपकिरी झालेली आहेत. माझी हकीकत ऐकून ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.

“किती हात मारले म्हणता, सर?”

“तीन.”

“तेरा मारा, तरी येणारच. शाई आहे ती. रंगातलं तेल पिते आणि वर चढते. गाठीचंही तसंच. अगोदर चपड्याचा हात द्या, मग तुमचा रंग.”

“म्हणजे चपड्यानं डाग जातो?”

“जातो कुठं? तिथंच राहतो. वर येत नाही फक्त.”

मग त्यांनी मला सगळी रीत सांगितली. ती मी येथे जशीच्या तशी देतो. कारण यंदाही दिवाळीपूर्वी कोणी ना कोणी वाचक माझ्यासारखाच तिसऱ्या हाताशी अडलेला असणार.

चपडा म्हणजे लाखेचे पातळ, मधाच्या रंगाचे पापुद्रे. रंगाच्या दुकानात मिळतात. एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटला सुमारे पाव किलो चपडा घ्यावा. काचेच्या बरणीत घालून रात्रभर भिजू द्यावा, अधूनमधून हलवावा. लोखंडी डब्यात ठेवू नये, काळा पडतो. सकाळी फडक्यातून गाळावा. चपड्यात थोडे नैसर्गिक मेण असते, ते गढूळ साका होऊन तळाशी बसते. वरची निवळी तेवढी वापरली तर पुढचा रंग तिच्यावर अधिक घट्ट धरतो. स्पिरिट चटकन पेट घेते, म्हणून जवळपास चूल, उदबत्ती, विडी काही नको. खिडक्या उघड्या हव्यात. हात द्यायचा तो भराभर आणि एकाच दिशेने. एकदा कुंचला फिरला त्या जागी पुन्हा मागे यायचे नाही, कारण तोवर चपडा चिकट होऊ लागलेला असतो. अर्ध्या तासात तो बोटाला कोरडा लागतो. तासाभराने दुसरा हात देता येतो. मग बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून वर रंग.

यात गोम अशी आहे : देवदाराच्या गाठीतली राळ किंवा लाकडात मुरलेली शाई तैलरंगातल्या तेलाला आणि टर्पेंटाइनला वश होते आणि त्यांच्या पाठीवर बसून वर येते. चपडा विरघळतो तो स्पिरिटात. टर्पेंटाइनला किंवा साध्या पाण्याला तो दाद देत नाही. म्हणून तो एकदा वाळला, की खालचा डाग खाली आणि वरचा रंग वर. दोघांची गाठभेटच होत नाही. चहाच्या पेल्यांची वर्तुळे, हळदीचे पिवळे हात, देवघरातल्या समईची काजळी, सगळ्यांवर हाच इलाज. तेल सांडले असेल तर मात्र ते आधी सोड्याच्या पाण्याने धुवून, लाकूड पुरते वाळवून मग चपडा द्यावा. ओल्या लाकडावर चपडा देणे व्यर्थ आहे. तो पांढुरका पडतो आणि सुटून येतो. भिंतीची ओल टेबलात उतरत असेल तर आधी भिंत नीट करावी.

“आणि शाईवर पहिला हात देताना घासायचं नक्को,” चाचांनी बजावले. “ही जांभळी शाई स्पिरिटातही उतरते. पहिल्या हातात थोडी वर येणारच. घाबरायचं नाही. सुकू द्या. दुसऱ्या हातात दबते.”

चपड्याची पुडी घेऊन मी घरी आलो. पण मास्तरकीची खोड जात नाही. रात्री बरणी हलवता हलवता मी शब्दकोश उघडून बसलो. संस्कृतातली ‘लाक्षा’ आपल्याकडे ‘लाख’ झाली आणि तिकडे इंग्रजीतही ‘लॅक’ होऊन जाऊन बसली. लाखेच्या किड्यांची संख्या लक्षावधी, म्हणून संख्यावाचक ‘लाख’शी तिचे नाते जोडणारे लोक आहेत. हा किडा तांबूस आणि डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. पळस, बोर, कोशिंब यांच्या कोवळ्या फांद्यांवर हे किडे दाटीने बसतात, रस शोषतात आणि अंगातून राळ सोडून स्वतःभोवती कवच बांधतात. त्या कवचांची सलग साल फांदीवर चढते. ती खरवडली म्हणजे काडी-लाख. कुटून धुतली म्हणजे दाणा-लाख. कापडी पिशवीत भरून विस्तवापुढे पिळली आणि तिचा पातळ पत्रा ओढून फोडला म्हणजे चपडा. धुताना जे तांबडे पाणी निघते, त्याचाच अळता. पूर्वी बायकांच्या पायांना लागायचा तो. झारखंड आणि छत्तीसगडची राने हे लाखेचे मुख्य माहेर. रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली लाखेच्या संशोधनासाठी एक संस्थाच स्थापन झाली. आपल्या महाराष्ट्रातही गोंदिया-गडचिरोलीकडे लाख होते. सावंतवाडीची लाकडी खेळणी आणि गंजिफा ज्या झळाळीने ओळखल्या जातात, तीही लाखेचीच. ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकड्यांत दगडाची भुकटी बांधून ठेवणारा चपडाच असे.

आमच्या बांधाबांधांवर फाल्गुनात पेटणारा पळस मी जन्मभर पाहत आलो. त्या झाडाच्या फांदीवर एवढा कारखाना चालतो, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी एका डागाने शिकवले. महाभारतातले लाक्षागृह मी मुलांना किती वेळा सांगितले असेल! वारणावतातल्या त्या घराच्या भिंतींना तूप आणि लाख यांचा वास येतो, हे युधिष्ठिराने ओळखले. येथवर आलो की मला नेहमी डाकेच्या पिशवीचा वास आठवे; पण तसे वर्गात कधी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी तिन्ही हातांचा कच्चा रंग खरवडून काढला. आतून डाग पुन्हा उघडा झाला, होता तसा. चपड्याचा पहिला हात दिला तेव्हा चाचा म्हणाले होते तसा थोडा जांभळा वर आला आणि कुंचल्याला लागला. मी हात आवरला. दुसऱ्या हातानंतर तो थबकला. गाठींवर आणखी एक हात दिला, रात्रभर थांबलो आणि मग पांढरा रंग. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. फळी स्वच्छ राहिली. कन्येने त्यावर आपली पुस्तके रचली. मला हायसे वाटले आणि त्याच वेळी थोडी लाजही वाटली.

कारण एक गोष्ट मी अजून सांगितलेली नाही. अण्णा गेल्यावर आम्ही दोघा भावांनी वाटण्या केल्या. भांडण नाही, तंटा नाही. अर्ध्या तासात काम झाले. धाकटा चिंचवडला कारखान्यात असतो. त्याने भांडीकुंडी काही मागितले नाही. एवढेच म्हणाला, “दादा, ते टेबल मला देतोस का?” मी म्हणालो, “मोडकं आहे रे ते. तिथवर न्यायला टेम्पोला पैसे पडतील तेवढ्यात नवं येईल. राहू दे इथंच.” तो ‘बरं’ म्हणाला आणि विषय संपला. खरे कारण वेगळे होते. तो डाग रोज त्याच्या डोळ्यांसमोर असावा, हे मला नको होते.

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी धाकटा मुलाबाळांसह आला. कन्येने त्याला हात धरून टेबलाशी नेले. “काका, बाबांनी रंगवलं!” त्याने फळीवरून तळवा फिरवला. तो फिरत फिरत बरोबर उजव्या कोपऱ्यापाशी थांबला.

“आणि उंट कुठं गेला?”

“कसला उंट?” मी विचारले.

“तो जांभळा डाग रे. उंटासारखा नव्हता का? मान वर केलेली, मागं मदार. मी लहानपणी त्याला रोज बघायचो. अण्णा मनिऑर्डरी लिहायचे, मी खाली बसून उंटाला चारा घालायचो.”

माझ्याने राहवेना. मुले फुलबाज्या मागायला बाहेर गेली तशी मी त्याला सगळे सांगून टाकले. बाटली मी सांडली होती, हे. मी त्याच्याकडे का पाहिले होते, हे. चौतीस-पस्तीस वर्षांचे ओझे चार वाक्यांत उतरले. तो थोडा वेळ आठवत राहिला.

“मला मारलं होतं? अण्णांनी?” तो म्हणाला. “नाही बुवा आठवत.”

“काहीच?”

“काहीच नाही. सात वर्षांचं पोर, त्याला काय आठवणार?” मग जरा थांबून, टेबलाकडे बघत म्हणाला, “तू टेबल दिलं नाहीस, ते मात्र आठवतं.”

वाचकहो, मला यावर बोलायला काही सुचले नाही. जी चूक मी इतकी वर्षे झाकत होतो, ती त्याच्या गावीही नव्हती. आणि ती झाकण्याच्या नादात जी केली, ती त्याने मनात धरली होती. ती मला चूक म्हणून कधी दिसलीच नाही.

“घेऊन जा,” मी म्हणालो. “आता घेऊन जा.”

कन्येला मी दुसऱ्या दिवशी विचारले. तिने थोडा वेळ गाल फुगवले. मग “नवं टेबल मला निळं पाहिजे” अशी अट घालून परवानगी दिली. भाऊबीज झाल्यावर धाकट्याने टेम्पो ठरवला. फळीवर सतरंजी टाकून आम्ही दोघांनी टेबल बांधले. सुतळीची गाठ त्याने मारली. अण्णा पिशवीला मारत तशीच, दुहेरी.

“खाली उंट आहे ना अजून?” त्याने विचारले.

“आहे. वरचा रंग खरवड आणि मग स्पिरिटचा बोळा फिरव. चपडा स्पिरिटानं सुटतो. उंट थोडा फिका होईल, पण निघेल.”

महिन्याभराने त्याचा फोन आला. कोपऱ्यातला हातभर रंग त्याने एका रविवारी काढला होता. मदार निघाली, मान निम्मीच निघाली. बाकीचे टेबल त्याने पांढरेच ठेवले आहे. त्याचा मुलगा त्यावर अभ्यास करतो आणि डागावर काही अंथरत नाही.

माझ्याकडे बरणीत थोडा चपडा उरला होता. भिजवलेला चपडा सहा महिन्यांपलीकडे भरवशाचा राहत नाही. तो लावला तर वाळतच नाही, चिकट राहतो. म्हणून वापरण्यापूर्वी थेंबभर काचेवर टाकून पाहावा. पावसाळा संपल्यावर मी टाकून पाहिला. दुसऱ्या दिवशीही बोटाला लागत होता. तेव्हा नवा पाव किलो भिजत घातला आहे. कन्येसाठी मोंढ्यातून देवदारी फळ्या आणल्या आहेत, त्यांना पुष्कळ गाठी आहेत आणि निळा रंगही आणून ठेवला आहे. बनी तो बनी!